सोळा वर्षांचे शेठ आणि अडकलेले पंधरा लाख

पत्र बरंच मोठं आहे, म्हणून त्याचा गोषवारा देते.

"ताई, माझा फॅब्रिकेशनचा ठेका आहे. नाशिकच्या अंबडमधल्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं काम १६ वर्षं करतोय. मोठ्या शेठनीच मला उभं केलं. दोन वर्षांपासून कारभार त्यांच्या मुलाकडे आहे, अकाउंट्सला नवीन साहेब आलेत आणि तेव्हापासून पैसे अडतात. आज १५ लाख ३५ हजार येणं आहे. मेंटेनन्सची बिलं ७ लाख ४० हजार, नवीन शेडच्या कामाचं रिटेन्शन, म्हणजे हमीपोटी अडवून ठेवलेली रक्कम, २ लाख १० हजार, आणि मोठ्या शेठनी फोनवर सांगून करून घेतलेलं जादा काम ५ लाख ८५ हजारांचं. त्या जादा कामाचा ना पीओ (लेखी ऑर्डर), ना बिल. वरून शेडला उशीर झाला आणि यंदा ती गळली म्हणून सात महिन्यांनी १ लाख ६० हजार कापून घेण्याची डेबिट नोट आली. मधेच कधी पन्नास हजार, कधी लाख सोडतात. स्टीलवाला रोज फोन करतो. मुलगा म्हणतो वकिलाची नोटीस द्या, मेव्हणा म्हणतो ४२० लावा, बायको म्हणते शेठच्या घरी जाऊन पाया पडा. आणि दिवाळीच्या शटडाउनचं, म्हणजे कारखाना बंद असतानाचं, काम तुम्हालाच करायचंय, असा निरोप आलाय. काय करू? नाव छापू नका."

भाऊ,

पायाही पडू नका आणि नोटीसही आज देऊ नका. दोन्हींच्या आधी करायचं एक काम राहून गेलंय.

१५ लाख ३५ हजार हा आकडा बोलायचं बंद करा. ही तीन वेगळी येणी आहेत आणि तिन्हींची तब्येत वेगळी आहे. तुम्ही अकाउंट्सच्या साहेबांसमोर बसून पंधरा लाख म्हणता, ते म्हणतात, "यातल्या सहा लाखांना तर पीओच नाही," आणि चर्चा तिथेच संपते. ज्या ७ लाख ४० हजारांवर कुणाचाच आक्षेप नाही, त्यांचा विषय निघतच नाही. कच्च्या रकमेनं पक्की रक्कम अडवून ठेवली आहे, आणि ती मोळी तुम्हीच बांधून दिली आहे.

मेंटेनन्सच्या बिलांपासून सुरुवात करा. त्यांवर प्लँटच्या मेंटेनन्स खात्याची सही आहे असं तुम्ही लिहिलंय. मग आज संध्याकाळी तुमच्या सीएकडून तुमचं २६एएस काढून घ्या, म्हणजे तुमच्या पॅनवर भरलेल्या टीडीएसचा (बिलातून आधीच कापलेल्या आयकराचा) आयकर खात्याचा तक्ता. कंपनी ठेकेदाराचा टीडीएस कापते तो बिल खात्यात जमा करताना किंवा पैसे देताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. म्हणजे पैसे तर आलेले नाहीत, पण बिलाच्या रकमेवरचा १ टक्का तुमच्या पॅनवर दिसतोय, असं असेल तर कंपनीनं ते बिल स्वतःच्या वहीत देणं म्हणून धरलेलं आहे. २६एएसमध्ये बिल नंबर येत नाही, पण कोणत्या तारखेला किती रकमेवर टीडीएस कापला ते येतं. जीएसटी वजा करून तुमच्या बिलांशी लावून बघा, जुळतं. साहेब तोंडानं "बिल अजून पास व्हायचंय" म्हणत असतील आणि त्यांच्याच खात्यानं त्यावर टीडीएस भरला असेल, तर तुमचा अर्धा वाद मिटला. मी या सदरात जितक्या ठेकेदारांची पत्रं वाचते, त्यातले बहुतेक २६एएसकडे फक्त रिफंडसाठी बघतात.

जीएसटीचंही तसंच. बिल फाडलं त्या महिन्यात तुम्ही १८ टक्के सरकारला भरून मोकळे झालात, पैसे आलेले नसताना. कंपनीनं त्याचं क्रेडिट घेतलं असणार, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या जीएसटीतून वजा केली असणार. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुम्हाला पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट त्यांना व्याजासकट उलटवावं लागतं. हे साहेबांना माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे, हे त्यांना माहीत नसतं.

आता तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. २०२१ साली बँकेच्या कर्जासाठी काढली आणि फाइलमध्ये ठेवली, असं तुम्ही सहज एका ओळीत लिहून टाकलंय. तिचा नंबर तुमच्या बिलांवर छापलेला आहे का? नसेल तर उद्यापासून छापा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३ साली आयकरात एक तरतूद आली, जिला सगळे व्यापारी ४३बी(एच) म्हणून ओळखतात. या मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना ४५ दिवसांवर थकलेल्या अशा देण्यांचा तपशील दर सहा महिन्यांनी सरकारला कळवावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबरचा तपशील ३१ ऑक्टोबरपर्यंत जातो. तुमचं पत्र ऐन वेळेला जाईल.

पत्र कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि एक प्रत हातोहात देऊन पोच घ्या. शेठला नको, अकाउंट्सला. एवढंच लिहा:

"सोबतच्या यादीतली मेंटेनन्सची बिलं आपल्या विभागानं तपासून सही केलेली आहेत. यातलं एखादं मान्य नसल्यास बिल क्रमांक आणि कारण कळवावं. गेल्या तीन आर्थिक वर्षांचा आमच्या खात्याचा उतारा आणि आजची बाकी सही-शिक्क्यानिशी द्यावी. आमची फर्म उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहे, नोंदणी क्रमांक खाली दिला आहे."

यात १६ वर्षांचे संबंध आणू नका, स्टीलवाल्याचा त्रास सांगू नका, व्याजाची धमकी देऊ नका. खात्यावरची बाकी लेखी मागणं यात अपमान वाटावा असं काही नाही; ऑडिटच्या वेळी कंपन्या स्वतःच सगळ्यांकडून असे कागद मागतात. आणि हा सही-शिक्क्याचा कागद नोटिशीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. केलेल्या कामाचे पैसे मागायला कोर्टात तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत समोरच्यानं लेखी बाकी मान्य केली, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. तुमचं सर्वात जुनं बिल दोन वर्षं आठ महिन्यांचं आहे. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण दिवाळीनंतर बघू म्हणण्याइतका नाही.

अधूनमधून येणाऱ्या पन्नास हजार, लाखाचाही हिशेब त्याच वेळी लावा. पैसे देताना कंपनीनं "अमुक बिलापोटी" असं सांगितलं नसेल, तर ते कुठल्या बिलात धरायचे हे ठरवायचा अधिकार कायद्यानं तुमचा आहे. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर जुन्या बिलात आधी जमा होतात. तुमच्या वहीत ते "ऑन अकाउंट" म्हणून लोंबकळत असतील आणि त्यांच्या वहीत शेडच्या खात्यावर गेले असतील, तर तुमचे आणि त्यांचे आकडे कधीच जुळायचे नाहीत. खातेउतारा मागायचा तो त्यासाठीही.

रिटेन्शनवर येते. इथे मी तुमच्या बाजूनं नाही. शेड गळते असं तुम्हीच लिहिलंय, आणि "एवढ्या पावसात कुठलीही शेड गळते" हे त्याचं उत्तर नाही. रिटेन्शन त्यासाठीच ठेवतात. पाऊस पूर्ण उघडायच्या आत दोन माणसं घेऊन वर चढा, स्क्रूचे वॉशर आणि गटर जिथे सुटलंय ते नीट करा, आधीचे आणि नंतरचे फोटो काढा आणि प्लँट इंजिनियरची तारखेसह सही घ्या. पाच-सात हजारांचं काम असेल. ते झालं की २ लाख १० हजार अडवायला त्यांच्याकडे कारण उरत नाही. तुमच्या ऑर्डरमध्ये दोषदुरुस्तीची मुदत १२ महिने लिहिली असेल, तर ती कधी संपते ते बघा आणि त्या तारखेनंतर रिटेन्शन सोडण्याचं वेगळं पत्र द्या. मेंटेनन्सच्या पत्रात ते मिसळू नका.

डेबिट नोटला मात्र या आठवड्यातच लेखी उत्तर गेलं पाहिजे. गप्प बसलात तर उद्या म्हणतील, "ठेकेदारानं मान्य केली होती." उशीर का झाला हे तारखांनी सांगा: पायाचं काम त्यांच्या सिव्हिलवाल्यानं कधी संपवून दिलं, ड्रॉइंग कितीदा बदललं, क्रेन कुणाची होती. काही दिवस खरोखर तुमच्यामुळे गेले असतील तर तेवढे कबूल करून टाका. सगळंच नाकारणाऱ्या माणसाच्या बाकीच्या तारखांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ऑर्डरमध्ये उशिराच्या दंडाचं कलम आहे का, तेही वाचा. तुमच्या पत्रावरून मला शंका येते की ती ऑर्डर तुम्ही पूर्ण वाचलेलीच नाही. शेठची ऑर्डर वाचायची कशाला, हा १६ वर्षांचा सवयीचा भाग झाला.

आता खरं अवघड काम: ५ लाख ८५ हजार.

तोंडी सांगितलेलं काम कायद्याला मान्य नाही हा समज चुकीचा आहे. तोंडी करारही करारच असतो. आणि १८७२ च्या करार कायद्याचं ७० वं कलम असं सांगतं की कुणी फुकट करायच्या हेतूनं न केलेलं काम दुसऱ्यानं स्वीकारलं, त्याचा फायदा घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. जादा कामातलं मेझानाइन, म्हणजे मधला माळा, तुम्ही उभं केलं, आज त्यावर त्यांचं स्टोअर चालतंय. अडचण पुराव्याची आहे, आणि पुरावा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त आहे. कंपनीच्या आत वेल्डिंग करायचं तर हॉट वर्क परमिट लागतं. त्यावर तारीख, जागा, कामाचं स्वरूप आणि सेफ्टीवाल्याची सही असते. स्टील गेटमधून आत गेलं तेव्हा गेटपास झाला, वजनकाट्याची पावती निघाली. स्टीलवाल्याच्या बिलावर डिलिव्हरीचा पत्ता त्याच कंपनीचा आहे का ते बघा. त्या महिन्याचं तुमचं मस्टर (हजेरीपत्रक) आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलन काढा. प्लँट इंजिनियरला पाठवलेले फोटो आणि त्यावर आलेला "हां, ठीक आहे, पुढचा बे घ्या" असा निरोप व्हॉट्सअॅपवर असेलच. तो फोन विकू नका, रिसेट करू नका, मुलाला गेम खेळायला देऊ नका. कोर्टात चॅट दाखल करायचं तर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

मग मेझानाइनचं, जिन्याचं, पाइप रॅकचं माप घ्या. एकटे नको, प्लँट इंजिनियरला बरोबर घेऊन. मेजरमेंट शीटवर त्यांची सही मागा. "मी रेट मान्य करत नाही, पण माप बरोबर आहे" एवढं लिहून दिलं तरी खूप झालं. दराचा वाद नंतर शेडच्या ऑर्डरमधल्या किलोच्या दरावर आणता येतो. आणि बिल? काम संपल्यावर ३० दिवसांत ते निघायला हवं होतं. आता ते कोणत्या तारखेनं आणि कसं काढायचं, हे सीएला विचारून करा. मागची तारीख टाकून बिल फाडू नका, कुणीही सांगितलं तरी.

या एका विषयासाठी मोठ्या शेठना भेटायला जा. गंगापूर रोडला त्यांच्या घरी, आधी फोन करून, एकटे. तब्येत विचारा, चहा घ्या, आणि पैसे मागू नका. पैसे देणं आता त्यांच्या हातात नाही, आणि मुलाच्या कारभारात हात घालायला लावलंत तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. मागायचं ते असं: "शेठ, मेझानाइन आणि रॅक करायला तुम्ही फोनवर सांगितलं होतं, एवढं छोट्या शेठना कळवा. मेल करा किंवा त्यांच्यासमोर बोला, मी हजर राहतो." १६ वर्षं त्यांनी तुमचा शब्द मानला आणि तुम्ही त्यांचा, त्यांना स्वतःचा शब्द नाकारायचा नसेल. काही शेठ नाकारतातही. तसं झालं तर निदान कळेल, आणि परमिट-गेटपासची फाइल तयार असेलच.

छोट्या शेठवर मात्र रागावू नका, असं माझं मत आहे. बापानं फोनवर काय काय कबूल करून ठेवलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांना दिसतं ते एवढंच की एक जुना ठेकेदार पीओ नसलेले सहा लाख मागतोय.

दिवाळीचं शटडाउन. माझं उत्तर: घ्या, पण नवीन माणसाशी काम करताय असं समजून. लेखी पीओ हातात आल्याशिवाय एकही माणूस गेटच्या आत जाणार नाही. निम्मे पैसे आगाऊ, कारण दिवाळीत माणसांना बोनस आणि दुप्पट हजेरी द्यावी लागते हे त्यांनाही माहीत आहे. जादा काम निघालं तर त्याच दिवशी मेलवर मंजुरी. आणि पीओमध्ये एक ओळ: या कामाच्या पैशातून आधीच्या कुठल्याही खात्याची वजावट होणार नाही. हे मान्य नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. मागचे पैसे सुटतील या आशेवर शटडाउन करू नका. शटडाउन संपलं की पुढच्या वर्षभर त्यांना तुमची एवढी गरज पडणार नाही. अर्धवट काम सोडून येणं, गेटवर माणसं बसवणं, आत ठेवलेलं त्यांचं सामान उचलून आणणं, इंडस्ट्रीच्या ग्रुपवर कंपनीचं नाव टाकणं, यातलं काहीही केलंत तर उद्या तक्रारदार ते होतील.

पत्राला तीन आठवड्यांत सरळ उत्तर नाही आलं तर पुढचे रस्ते बघू.

मेंटेनन्सच्या बिलांसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे त्या २००६ च्या कायद्याखाली लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करता येतो. त्रास झाला तर त्र्यंबक रोडवरच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, तिथे विचारा. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. पण निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय अशा सेवेवर लेखी आक्षेप घ्यायचा तर काम झाल्यापासून १५ दिवसांत घ्यावा लागतो. नाही घेतला तर काम झालं त्याच दिवशी ते मान्य झालं असं धरतात. शेड आणि मेझानाइन मात्र त्या अर्जात घालू नका. माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं काम, ज्याला वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, ते या कायद्यात बसत नाही अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं घेतलेली आहे. सगळं एकत्र केलंत तर त्या एका मुद्द्यावर पक्की बिलंही लटकतील. पुन्हा तीच मोळी.

शेड आणि जादा कामासाठी दिवाणी रस्ता. ३ लाखांवरचा व्यावसायिक वाद असेल तर दावा लावायच्या आधी मध्यस्थीला जावंच लागतं, तातडीचा आदेश हवा असेल तेवढा अपवाद सोडून. तो अर्ज सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो. कंपनी आलीच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि मग दावा. मला वाटतं छोटे शेठ येतील. त्याही आधी निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांमधल्या, दोघांच्याही ओळखीच्या एखाद्या ज्येष्ठ उद्योजकाला मधे बसवता आलं तर बघा. अंबडमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात आणि पैसे बुडवणारा म्हणून नाव होणं कुणालाच परवडत नाही.

मेव्हण्यांना सांगा, ४२० आता राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. नंबर बदलला तरी मुद्दा तोच: सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. ज्या कंपनीनं तुम्हाला १४ वर्षं वेळेवर पैसे दिले, तिच्यावर हे बसत नाही, आणि चौकीतून "दिवाणी बाब आहे" असं ऐकून परत यावं लागेल. कुणी एनसीएलटीचं (कंपनीच्या दिवाळखोरीचे अर्ज चालतात त्या न्यायाधिकरणाचं) नाव काढलं तर तिथे थकबाकी किमान १ कोटीची लागते. मात्र कंपनीनं पुढच्या तारखेचे चेक दिले आणि एखादा परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. तिथे एक दिवसही घालवू नका.

मुलाचा नोटिशीचा आग्रह तीन आठवडे थांबवा, पण त्याला रिकामा बसवू नका. २६एएस जुळवणं, मस्टरची पानं स्कॅन करणं, व्हॉट्सअॅपमधले फोटो तारखेप्रमाणे लावणं हे त्याच्याकडे द्या. त्याला ते तुमच्यापेक्षा लवकर जमेल. आणि स्टीलवाल्याला उद्या स्वतः फोन करा, तो करायच्या आधी. शटडाउनच्या आगाऊ रकमेतून किती देणार ते सांगा, आणि त्याच्याकडून तुमचा खातेउतारा मागून घ्या.